तुमच्या खळ्यातल्या कांद्यांबाबत

ती. स्व. दादाभाऊमामांस, भाचा अमृत आळेफाट्याहून दोन्ही हात जोडून नमस्कार करतो. मामींच्या गुडघ्याला आराम पडला असेल आणि तुमचा रागही थोडा उतरला असेल, असं धरून लिहितोय. तुम्ही म्हणाल, याला आता कागद कुठून सुचला. तर मामा, फोन तुम्ही उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंय (ते तुम्हाला येत नाही, तुमच्या आरतीनं करून दिलं असणार), आणि बोरीला तुमच्यासमोर यायची माझी छाती नाही. म्हणून दुधाच्या टेम्पोबरोबर पाठवतोय. मामींनी मोठ्यानं वाचावं आणि तुम्हाला मधेच उठू देऊ नये.

आमच्या कांदा निवडायच्या मशीननं तुमच्या खळ्यात जो घोळ घातला, त्याचं पुढं काय झालं ते सांगायचंय. कारण समृद्धी राजीनामा देऊन बसलीय. समृद्धी म्हणजे त्या दिवशी लॅपटॉप घेऊन उभी होती ती, पेठची. मशीनच्या कॅमेऱ्याला कांदा ओळखायला तिनं शिकवलंय. महिना सरला की ती जाणार, आणि ती गेली की आमची मशीन म्हणजे कांद्यांना पट्ट्यावरून फिरवून आणायची सोय, एवढीच उरणार.

घोळानंतर आमचे टीमप्रमुख सुदर्शनदादा पुण्याला कसल्याशा ट्रेनिंगला गेले आणि येताना आत्मपरीक्षण घेऊन आले. दर शनिवारी चहा झाला की प्रत्येकानं उभं राहून आपण कुठं कमी पडलो ते सांगायचं. आता मामा, आपल्याकडं माणूस उभा राहून बोलतो कधी, तर सत्काराला नाहीतर दशक्रियेला. पहिला नंबर आमच्या भागूचा, वेल्डिंगवाल्याचा. त्यानं हात जोडले, मान खाली घातली आणि सांगितलं की भागू हा अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ, दुसऱ्याच्या सुखदुःखात धावून जाणारा माणूस, कंपनीत त्याची पोकळी भरून निघणार नाही. आणि बसला. सुदर्शनदादांच्या हातातली बिस्किटं हातातच राहिली. मला मात्र भाषण लई आवडलं, म्हणून मी त्याच्याहून लांब बोललो. माझ्यात एकच दोष आहे, मी कामात स्वतःला विसरतो, असं सांगितलं (भागूनं डोळे पुसले).  समृद्धी तेवढा वेळ कॅमेऱ्याची काच पुसत होती.

पुढच्या शनिवारी दादांनी नियम काढला. स्वतःची स्तुती करायची नाही आणि दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मी उभा राहिलो आणि मामा, मला बोलायला काही उरलंच नाही. वीज कमी दाबाची होती म्हणालो, तर दादा म्हणाले, ते विजेचं परीक्षण. कांद्याला साल फार होती म्हणालो, ते कांद्याचं. मामा तापट आहेत म्हणालो, तर हे मामा येऊन सांगतील म्हणाले. मी खाली बसलो.

तेव्हापासून मात्र चैन पडेना. कारण मला सगळं माहीत होतं, राव. त्या दिवशी तुम्ही खुर्च्या मांडून सगळी भावकी जमवली होती. मशीन नीट चालली होती. पण मागून कोणीतरी म्हणालं, याच्यापेक्षा आमच्या घरच्या बायका लवकर निवडत्यात. लोक हसले आणि ते मला झोंबलं. मी हळूच पट्ट्याचा वेग वाढवला. कोणाला सांगितलं नाही. कॅमेऱ्याला कांदा धड दिसायच्या आत तो पुढं जायला लागला, आणि तुमचा चांगला मुठीएवढा गोळा कांदा बारक्या चिंगळीच्या ढिगात जाऊन पडला. तुम्ही ओरडलात, आणि मी चारचौघांत म्हणालो, प्रोग्रॅम चुकला असेल. तुम्ही म्हणालात, ‘‘पोरीला कांद्यातलं काय कळतंय?’’ त्यावर मी हसलो. त्यानंतर ती रोज तो प्रोग्रॅम उलटासुलटा करून चूक शोधत बसली. तिथं नव्हतीच, तर सापडणार कुठून? मला या गोष्टीची फार लाज वाटते, मामा.

गेल्या शनिवारी मी हे सगळं सांगून टाकलं. माझ्या त्या पहिल्या भाषणापेक्षा थोडक्यात झालं. भागू सवयीनं श्रद्धांजलीला उभा राहिला होता, त्याला बसवलं. मग त्यानंही एक नट ढिला राहिल्याचं कबूल केलं, आणि दादा म्हणाले, मशीन तयार नसताना मामांना खूश करायला तारीख मीच दिली होती. आता जो कोणी मशीनला हात लावेल त्यानं सगळ्यांना ओरडून सांगायचं ठरलंय (भागू चहाला जातानाही ओरडून जातो). कामाला जरा बरे दिवस आलेत, असं वाटतंय. समृद्धीनं सगळं ऐकलं, ‘बरं’ म्हणाली आणि पेठची एसटी धरायला गेली. हे कसलं ‘बरं’, ते मला कळलं नाही.

घरातल्या थोरांना नमस्कार, आरतीला एक धपाटा.

तुमचाच, नको तिथं हात घालणारा भाचा,
अमृत

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुमच्या खळ्यात मशीन पुन्हा एकदा लावू द्या. भावकी तीच बोलवा, ते मागून बोलणारेही हवेतच. जे लोकांसमोर झालं, ते लोकांसमोरच निस्तरायला पाहिजे. वेग मी वाढवला हे मी माझ्या तोंडानं सांगेन. तुम्ही फक्त पोरीबद्दलचं ते एक वाक्य मागं घ्या.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र समृद्धीला दाखवलं, म्हटलं मशीनचं काही चुकीचं जायला नको. तिनं उभ्याउभ्या सगळं वाचलं. म्हणाली, मशीनचं बरोबर आहे. मग म्हणाली, ‘‘शनिवारी सगळ्यांना सांगितलंस, आता मामांना सांगतोयस. मला कधी सांगणार आहेस?’’ मामा, शपथ घेऊन सांगतो, मला वाटत होतं की सांगून झालंय. मग तिच्याकडं बघून सांगितलं.  तिनं ऐकून घेतलं, पत्र परत दिलं आणि म्हणाली, बोरीला जायचं असेल तर पट्ट्याच्या बटणापाशी मी उभी राहणार, तारीख विचारून घे.

तर मामा, तारीख लवकर कळवा. महिना सरत आलाय.