सुयुंचूचा घोडा

४ मे
आजपासून रोजनिशी. दरीत हिमबिबट्या परतलाय हे सिद्ध करणारा उद्यानरक्षक म्हणून लवकरच माझं नाव होणार, तेव्हा नोंदी असलेल्या बऱ्या. वरच्या खिंडीत खडकाला कॅमेरा बांधला. समोर काही हललं की आपोआप फोटो. बायको बुरुल म्हणाली, आधी गळकं छप्पर बांधा. थोरांच्या नशिबी हेच.

९ मे
कॅमेरा तपासला. रानबकरे. कोल्हीण, पिलांसकट. हिमकोंबडे. एक लिंक्स, झुपकेदार कानांचं रानमांजर. मार्मोट, म्हणजे बिळातली जाडी खार, तोंड वासून. पुन्हा तोच मार्मोट. सगळा फालतू माल. कार्डात बिबट्यासाठी जागा हवी म्हणून डिलीट. एक फोटो तर धुरकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती जाड शेपटी. कोल्हाच. डिलीट.

१४ मे
उभा माणूस दिसला की बिबट्या फिरकत नाही, हे माझं निरीक्षण. (बिबट्या अजून पाहिलेला नाही, पण तर्क पक्का आहे.) यापुढे खिंडीत रांगत जायचं. एका पाहुण्याने दिलेली ठिपक्याठिपक्यांची पँट त्यासाठी उत्तम. गुडघे सोलले. बुरुलने विचारलं, बिबट्या शोधताय की चालायला शिकताय? दुर्लक्ष केलं.

१९ मे, सकाळ
मिळाला. पहाटेचा उजेड, बर्फ, आणि ठिपकेदार मागची बाजू. भरदार. डोकं चौकटीबाहेर, पण राजा पाठीवरूनही ओळखू येतो. 'सुयुंचू, सुयुंचू' ओरडत थेट ओरमोन-अतांच्या यर्टकडे, त्यांच्या लोकरी तंबूकडे, धावलो. आनंदाची बातमी जो आधी आणील त्याला सुयुंचू म्हणून तो मागेल ते द्यायचं, आमच्याकडे यातून सुटका नाही.
अता (वडीलधाऱ्यांना आम्ही असंच म्हणतो) माझ्या आधीचे रक्षक. दरीतला शेवटचा बिबट्या त्यांनी तरुणपणी पाहिला, तेव्हापासून वाट बघतायत. रडले. म्हणाले, माग लेका. मी संकोचत त्यांचा तांबडा घोडा मागितला. त्यांनी स्वतः लगाम माझ्या हातात दिला.

२१ मे
फोटो मोठा करून अतांच्या उशाशी लावला. त्यांना नीट दिसत नाही, तरी त्यावर हात फिरवतात. शेजारीपाजारी येऊन दुआ मागून जातात.

२२ मे
बुरुल बघून आली. म्हणाली, बिबट्याच्या उजव्या कुल्ल्यावर माझ्या हातचं ठिगळ आहे, निळ्या दोऱ्याचं. मी म्हटलं, उजेडाचा खेळ.
पँट तपासली. दोरा निळाच.

२३ मे
आज सांगणारच होतो. अतांनी कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, पुढे केलं. म्हणाले, बिबट्या आल्यापासून मला भूक लागते. मनात म्हटलं, म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढणं पाप. उद्या सांगेन.

२७ मे
लाज वाटते. घोड्यावर बसवत नाही. लगाम धरून पायी चालतो. लोक विचारतात, घोडा तुझा की तू घोड्याचा?

३० मे
सांगितलं. अतांनी फोटोवरचा हात काढून घेतला. मी लगाम पुढे केला. म्हणाले, दिलेली सुयुंचू परत घेतली तर मी कुठे तोंड दाखवू? मग म्हणाले, हा फोटो राहू दे, बाकीचे दाखव. एकेकाचं नाव घेऊन विचारू लागले. रानबकरे उतरले का? कोल्हिणीला यंदा पिलं किती?
डिलीट केल्याचं सांगितलं. त्या शेपटीचंही. त्यांनी विचारलं, केवढी? मी हात पसरले. दिसेना, म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात चाचपले, या बोटांपासून त्या बोटांपर्यंत.
म्हणाले, कोल्ह्याला एवढी शेपटी कधीपासून?
मग भिंतीकडे वळून झोपले. कुमिस तसंच राहिलं. बाहेर घोडा उभा होता. घेऊनच यावं लागलं.