तांदळातलं नाव

मंगळवार, संध्याकाळ. कर्वेनगर.

आज चहाबरोबर बिस्कीट मिळालं नाही. मानवजातीच्या इतिहासात याची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून इथे करतो.

कारण माझाच लेख. दिवाळी अंकासाठी, जर्मन राजकन्यांच्या वंशावळींवर. पोर रशियाच्या राजघराण्यात दिली की तिचा धर्म बदलायचा, नावही बदलायचं. वंशावळीत जन्मनाव उरायचं ते कंसात. मी लिहिलं, 'घोडा विकत घेतला तरी लोक त्याचं नाव तेच ठेवतात.' या वाक्यावर मी फार खूश होतो.

बायकोने मुद्रितं वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "अहो, तांदळात माझं नाव कोणी लिहिलं होतं?"

मीच. लग्नात, ताटात तांदूळ पसरून, अंगठीने. 'कुसुम' मला जुनाट वाटलं, म्हणून 'मृणालिनी'. तिला विचारलं होतं का? छे. त्या राजकन्यांना निदान राजवाडा तरी मिळायचा.

"घोड्याचं वाक्य मात्र छान जमलंय," म्हणाली आणि आत गेली.

सव्वीस वर्षं ते ताट माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचा फॉर्म महिनाभर टेबलावर पडून आहे. पत्नीच्या रकान्यात 'कुसुम' लिहिलं. मृणालिनी कंसात. फॉर्म तिच्या चष्म्याखाली ठेवला.