पाखडून झालेली तूर

हॅम्बुर्ग

माये, मी तुही पोरगी, दुरूनच पाया लागतो.

मी मजेत आहे. जेवणाची आबाळ नाही.

दर्यापूरच्या बाजारातून तू घेऊन देल्लेलं सूप इथं लय गाजून राह्यलं. त्याले बारका माइक लावतो अन् स्टेजवर तूर पाखडतो. कॉम्प्युटर त्या आवाजाचं संगीत करते. लोकं उभे राहून टाळ्या वाजवतात. म्हणून मॅनेजर दुसरं काही वाजवूच देत नाही. करार दोन वर्साचा आहे.

रिकामं सूप पाखडू नये म्हणून तू बांधून देल्लेली तूर अजून तीच आहे. तिच्यात आता एक खडा नाही, फोलपट नाही. तरी रोज पाखडतो.

बाबाचा गुडघा कसा आहे?

सुपाच्या काड्या सुटून राह्यल्या. मॅनेजरले सांगतलं नाही. माय, दुसरं सूप पाठवू नको.

तुही प्रणाली