हात लावता येणारा खांब

तीर्थरूप बाबा,

हे पत्र आई वाचून दाखवत असेल, तेव्हा दोघांनाही यातच साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. गोदामातलं काम चालू आहे, जेवणही वेळेवर होतं.

आपल्या सहलीचं ठरलं. जुनी राजधानी, तिथली लेणी आणि पडका दरबार, असे तीन दिवस. आपण पाच जण, सोबत गाईड, आणि दर परवडणारा. गाईडला आधीच सांगून ठेवलंय, "आमच्या बाबांनी तीस वर्षं शाळेत हेच शिकवलंय, तुम्ही जपून बोला." तो हसला. आई, तू नको हसूस.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला होतात, "डोळे साथ देतायत तोवर एकदा दाखव." मी म्हटलं, गर्दीचा हंगाम सरू दे, दर उतरतील. दर उतरले, बाबा. तरी मी आणखी उतरायची वाट बघत बसले. शहाणपणा समजून केलं, ते आता घशाखाली उतरत नाही.

डॉक्टर काय म्हणाले? उजव्या डोळ्याला निदान उजेड तरी कळतो का? आई, खरं असेल ते लिही.

गाईडला मी एकच विचारलं, कोरीवकामाला हात लावू देतात का? तो म्हणाला, आत सगळीकडे दोऱ्या बांधल्यात. पण दाराबाहेर एक खांब आडवा पडलाय, त्याला हात लावला तर कोणी अडवत नाही.

वर्गाकडे तोंड करून, फळ्याकडे न बघता तुम्ही काढायचात ना, तोच खांब.

तुमची,
थोरली