बदकाची परीक्षा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्याच्या कुरबुरीमुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी पूर्ण धरून घे.) इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझी सर्दी गेली का? मेहुणे रोज फिरायला जातात, की नुसते बूट घालून बसतात? हे फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून पत्रच बरं.

सध्या आमच्याकडे एकच विषय आहे, बाहेरून येणारा माल. कुठे केस वाळवायचं यंत्र पेटलं, कुठे पाळण्याचा रंग बाळाच्या पोटात गेला, रोज पेपरात काहीतरी असतंच. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. ते अशा बातम्या कापून जिन्यातल्या फळ्यावर लावतात, म्हणून त्यांना सगळे कात्रणकाका म्हणतात. त्यांनी घरातली एकेक वस्तू उलटी करून पाहिली आणि जिच्या पोटावर परदेशी छाप दिसला ती गच्चीत नेऊन ठेवली. पंखा गेला, इस्त्री गेली, काकूंचा मिक्सर गेला. शेवटी दमून ज्या खुर्चीत बसले तिच्याही खाली तोच छाप! तेव्हा काकूंनी त्यांना खुर्चीसकट गच्चीत जायला सांगितलं आणि मोहीम थांबली.

मी या सगळ्याला हसत होतो. त्याला कारण होतं. आमच्या चिमणीसाठी (नात, वय वर्षं सव्वा, दात सहा, आवाज साठ माणसांचा) मी नुकतंच एक बदक आणलं होतं. पिवळं, गुबगुबीत, पोट दाबलं की डोळे लुकलुकवत कुठल्याशा भाषेत गाणारं. तेही बाहेरचंच, पण ते मी स्वतः पारखून घेतलेलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला कोण फसवणार? खोक्यावर बारीक अक्षरात सात भाषांत काहीतरी लिहिलं होतं, त्यात आपली एकही नव्हती. पण एक चित्र होतं. लहान मुलाचं रडकं तोंड, आणि त्यावर फुली. याचा अर्थ मी लगेच लावला, की हे बदक दिलं की मूल रडायचं बंद! आणि खरंच, चिमणी बंद झाली. बदकाचं डोकं तोंडात घालून तासन् तास बसायची.

सूनबाईने ते खोकं वाचलं आणि तिचा चेहरा बदलला. "बाबा, हे मी घेऊन जाते," एवढंच म्हणाली आणि बदक पिशवीत टाकून कामावर गेली. आता सूनबाई काय काम करते हे, ताई, तीन वर्षांत मी नीट विचारलेलं नव्हतं. 'सरकारी नोकरी, काहीतरी तपासते' इतकंच ठाऊक. माझी समजूत अशी की कागद तपासत असेल. इकडे चिमणीने जो सूर लावला तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरला नाही. आमच्या हिने कानात कापूस घातला. मी डोक्यावर टोपी घातली आणि बदक सोडवून आणायला तडक सूनबाईच्या कचेरीत गेलो.

ताई, तिथे मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही.

कागद कुठेच नव्हते. एका दालनात एक यंत्र एकाच कपाटाचं दार उघडत होतं, लावत होतं, उघडत होतं, लावत होतं. पंधरा दिवस ते हेच करत होतं म्हणे. एक बाई बाहुलीचे केस पेटवून हातातल्या घड्याळात बघत होत्या, किती वेगाने जळतात ते. (घड्याळ उत्तम होतं, मी विचारलं.) एकाजवळ सांधे असलेलं पोलादी बोट होतं. माणसाचं बोट जिथे जिथे जाऊ शकतं तिथे तिथे ते घालून बघायचं, आत विजेचा धक्का लागतो का. आपली धाकटी आत्या मला आठवली. तिलाही सगळीकडे बोट घालायची सवय होती, पण तिला त्याचा कोणी पगार दिला नाही. मी टोपी काढली. का काढली, माहीत नाही. देवळात गेल्यासारखं झालं.

आणि या सगळ्यांच्या मध्ये, पांढरा डगला घालून, आमची सूनबाई. घरात जिचा आवाज कधी स्वयंपाकघराबाहेर आला नाही, ती तिथे बोलली की दहा माणसं लिहून घेत होती.

"बरं झालं आलात बाबा," ती म्हणाली. "आता तुमच्याच बदकाची पाळी आहे. बघा."

तिने माझ्या हातात एक पोलादाचं नळकांडं दिलं. लहानसं, तोंड उघडं, आतून तिरकं.

"हा घसा आहे," ती म्हणाली. "तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा. खेळण्यातून निघालेला तुकडा याच्यात पूर्ण मावला, की खेळणं नापास."

मी ते हातात धरून उभा राहिलो. एवढासा! साठ माणसांचा आवाज एवढ्याशा वाटेने येतो!

मग बदकाला कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर सोडलं. पहिल्यांदा नुसतं गायलं. दुसऱ्यांदा गायलं. तिसऱ्यांदा एक डोळा लुकलुकायचा थांबला. माझी छाती फुगू लागली. चौथ्यांदा पोटाखालचं झाकण उडालं आणि आतला सेल गडगडत माझ्या बुटाशी येऊन थांबला. तोच चपटा, शर्टाच्या बटणाएवढा सेल. असे हजारो मी घड्याळांत बसवले असतील, हात अडकले की ओठांत धरूनसुद्धा. सूनबाईने तो चिमट्याने उचलून नळकांड्यात सोडला. टिक. गेला. चाळीस वर्षं टिकटिक ऐकतोय, ताई, पण असली टिक ऐकली नव्हती.

"हा घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजतं," ती हळूच म्हणाली. "आणि मूल सांगू शकत नाही."

आता एक गोष्ट सांगणं भाग होतं. दहा माणसांसमोर मी कबूल केलं, "सूनबाई, ते झाकण मी उघडलं होतं. आवाज कुठून येतो ते बघायला. परत लावताना माझ्याच हातून सैल राहिलं असेल. बदकाला दोष देऊ नका."

तिने बाजूचं कपाट उघडलं. आत ओळीने बारा बदकं, सगळ्यांची पोटं उघडी.

"ही मी काल दुकानातून सीलबंद आणली. अकरा पहिल्याच आपटीला उघडली, एक दुसऱ्या. तुमच्या स्क्रूवरचा ओरखडा मी तेव्हाच पाहिला होता. तुम्ही तो आवळला, म्हणून तुमचं चौथ्यापर्यंत टिकलं. आठवडाभर चिमणीच्या हातात ते बंद राहिलं, बाबा, ते तुमच्या त्या पिळामुळे."

मी मटकन जवळच्या खुर्चीत बसलो. तिघं धावत आले आणि त्यांनी मला उठवलं. त्या खुर्चीचीही परीक्षा चालू होती.

चार दिवसांनी ती बदकं सगळ्या दुकानांतून उचलली गेली. पेपरात दोन ओळी आल्या, त्यात कोणाचं नाव नव्हतं. कात्रणकाकांनी त्या फळ्यावर लावल्या आणि मला म्हणाले, "तिथे कोणीतरी फार हुशार माणूस असला पाहिजे."

"आहे," मी म्हणालो. "आमच्याकडेच राहते."

आता चिमणी लाकडी चमच्याने पातेलं बडवते. दोन्ही वस्तू तिच्या आईने पास केल्या आहेत. कान तेवढे कोणी तपासत नाही. सर्वांना नमस्कार, आशीर्वाद, ज्याला जे लागू असेल ते.

तुझा धाकटा

ता. क. एक सांगायचं राहिलं. तसंच दुसरं बदक मी चिमणीचं आणलं त्याच दिवशी तुझ्या नातवासाठी पार्सलने पाठवलं होतं. तुला कोरं मिळावं म्हणून त्याचा स्क्रू मी उघडला नव्हता. तेव्हा हे पत्र वाचायच्या आधी ते त्याच्या हातातून काढून घे.

आ. ता. क. सूनबाईने पत्र वाचलं. "यातली महत्त्वाची गोष्ट कुठे आहे?" म्हणाली. मी म्हटलं, शेवटी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ तुला फोन लावला. त्यात कळलं की बदक तू आल्या दिवशीच शेजारणीच्या नातवाला देऊन टाकलंस, आणि आता फोन तसाच टाकून, अनवाणी पळत जाऊन हिसकावून आणलंस. पोरगं सुखरूप आहे हे ऐकलं आणि मी इथे डोळे पुसले. माझी भेट परस्पर देऊन टाकल्याबद्दल मी रागवायचं, की मी असली भेट पाठवल्याबद्दल तू रागवायचं, हे तूच ठरव. तू मोठी आहेस. पत्र लिहून झालंच आहे, म्हणून टाकतो.