एकतीस मिनिटं

पुकेकोहे,
रविवार, २६ एप्रिल

प्रिय मिनूताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच बाजूला ठेवशील अशी भीती वाटली, म्हणून पत्ता श्रियाकडून लिहून घेतला. कालपासून ती माझ्याशी मोजकंच बोलते आहे, त्याचं कारण पुढे येईलच. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं. पाकिटात आणखी एक वस्तू आहे, तिला मात्र आत्ता हात लावू नकोस. हा माझा चौथा कागद. आधीच्या तीन कागदांवर खाडाखोड झाली आणि खाडाखोड केलेलं पत्र तुला पाठवणं मला जमलं नसतं. लहानपणी तू मला इन्स्पेक्टर म्हणायचीस ते आठवतं ना?

आमचं ठीक आहे. श्रियाला हॉस्पिटलमध्ये आता आठवड्यातून चारच दिवस ड्यूटी असते. मी अजून कांद्याच्या पॅकहाउसमध्येच आहे. समोरून पट्टा सरकत जातो, त्यावरून कांदे येतात, डाग पडलेला, कुजलेला, कोंब फुटलेला हाताने उचलून बाजूला टाकायचा. हे काम मला जमतं. माझ्याकडून खराब कांदा सुटत नाही अशी ख्याती आहे. चहाच्या सुट्टीला इथे स्मोको म्हणतात. स्मोकोच्या खोलीत एक टीव्ही आहे आणि त्यावर दिवसभर तुमची अमेरिका चालू असते. कुठला तरी चौक, कुठले तरी लोक एकमेकांच्या अंगावर धावून जाताहेत, तेच दहा सेकंद पुन्हा पुन्हा. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंच्या हातांत झेंडा एकच असतो. माझ्या शेजारी उभा राहणारा टेविता, टोंगाचा, दारात मावत नाही एवढा, तो मला रोज म्हणतो, गुरू, बहिणीला सांग, इकडे निघून ये, आम्ही फक्त रग्बीवरून मारामाऱ्या करतो. पूर्वी मी हसायचो. आता मी कप घेऊन बाहेर जाऊन उभा राहतो. त्या दहा सेकंदांच्या आधी काय झालं असेल आणि नंतर काय झालं असेल, याचाच विचार डोक्यात येतो. आणि मग तुझा.

गेल्या जुलैबद्दल आपण नीट कधी बोललोच नाही. जे झालं ते मी क्रमाने लिहितो, म्हणजे निसटायला जागा राहणार नाही. चारुदत्तकाकांचा इथल्या रेडिओवरचा मराठी कार्यक्रम तुला माहीत आहे, दर रविवारी अर्धा तास. त्यात दोन गाणी, आशालताकाकूंची पाककृती, आणि मधे चार मिनिटं माझी, जगाच्या बातम्यांची. काकांचा नियम असा की चार मिनिटांवर एक सेकंद नको. चार जुलैची, तुमच्या स्वातंत्र्यदिनाची, गावातली मिरवणूक झाली, त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. तुझी शुक्रवारची संध्याकाळ, माझी शनिवारची सकाळ. रेकॉर्ड करतोय हे सांगितलं होतं आणि तू म्हणाली होतीस, कर की.

तू काय काय सांगितलंस ते मला तोंडपाठ आहे. तू आणि तुझी लेक इरा रस्त्याकडेला उभ्या होता, हातात कागदी झेंडे. एक पिकअप गाडी हळूहळू गेली आणि आतला माणूस तुमच्याकडे बघून ओरडला, आलात तिथे परत जा. तू म्हणालीस, माझा हात आपोआप खाली आला, आणि क्षणभर वाटलं, हा देश माझा नाही, कधीच नव्हता. मग तू थांबलीस. मग म्हणालीस, आणि तेवढ्यात डॉन उठला. शेजारचा डॉन, ऐंशीच्या पुढचा, तरुणपणी व्हिएतनामला जाऊन लष्कराचे ट्रक दुरुस्त करून आलेला, मतदानात कायम तुझ्या विरुद्ध पक्षाचा, आणि उन्हाळाभर तुझ्या दारात टोमॅटो ठेवून जाणारा. त्याने स्वतःची घडीची खुर्ची तुला दिली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर मिरवणूक संपेपर्यंत तुझ्या शेजारी उभा राहिला. ती गाडी वळून परत आली तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं एकेक करून उठली. डॉन रोज सकाळी झेंडा लावतो आणि संध्याकाळी घडी करून आत नेतो, त्यावरून तू त्याची चेष्टा करायचीस. त्या दिवशी संध्याकाळी त्याने ती घडी इराला करायला दिली. तू म्हणालीस, गुरू, देशप्रेम म्हणतात ते मला आत्तापर्यंत ओरडण्याची गोष्ट वाटायची, ही तर खुर्ची देण्याची गोष्ट निघाली.

यातले मी फक्त चाळीस सेकंद लावले. गाडी, ओरडणं, आणि कधीच नव्हता. तिथे कापलं. डॉन उठायच्या आधी.

चार मिनिटांत दुसरं काय करणार, असं मी तेव्हा म्हणालो होतो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्या दिवशी दुसरी एक जरी बातमी सोडली असती तरी डॉन त्यात मावला असता. आणि एक गोष्ट तुला आजवर सांगितलेली नाही. मी नुसतं पुढचं कापलं नाही, मधला ‘क्षणभर’ हा शब्दही काढला. तुझ्या दोन श्वासांच्या मधे तो शब्द होता, तो इतक्या सफाईने उचलला की जोड ऐकू येत नाही. पाऊण तास लागला. झाल्यावर मी ते पाच वेळा ऐकलं आणि मला अभिमान वाटला. मिनूताई, मला खरंच अभिमान वाटला.

का केलं, याचा नऊ महिने विचार करतोय. तू इंजिनिअर झालीस, मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. चिंचवडच्या घरी कुणीही आलं की आई तुझ्याबद्दल सांगायची आणि मग माझ्याकडे बघून म्हणायची, याचं शुद्धलेखन मात्र फार चांगलं आहे हं. इथेही मी श्रियाच्या व्हिसावर आलेला नवरा. त्या रविवारी पहिल्यांदा आमच्या कार्यक्रमाला एक्केचाळीस फोन आले. काकांनी पाठीवर थाप मारली, म्हणाले, याला म्हणतात बातमी. तुझ्या त्या खाली आलेल्या हातावर मला थाप मिळाली.

पुढचं तू सोसलंस, मी लांबून बघितलं. तो तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवरून पुण्याला गेला, तिथल्या कुठल्या तरी यूट्यूब चॅनेलने त्याला सायरनचा आवाज आणि लाल अक्षरं जोडली, तुझा फोटो लावला. आई रात्रंदिवस ते बघत बसली. तुमच्या मंडळातल्यांनी तुला सुनावलं की ज्या देशाचं खाता त्याचीच बदनामी करता, आणि चिंचवडचे लोक म्हणायला लागले, मग या की परत. दोन्हीकडचे एकाच चाळीस सेकंदांवरून बोलत होते. मग कुणीतरी इंग्रजी ओळी टाकून ते तुमच्या गावाच्या पानावर लावलं आणि डॉनच्या मुलीने ते त्याला दाखवलं. तो तुला एवढंच म्हणाला म्हणे, मी तर तुझ्या शेजारीच उभा होतो. त्यानंतर टोमॅटो आले नाहीत.

ऑगस्टमध्ये तू फोन केलास, ओरडायला नव्हे. तू अगदी हळू आवाजात म्हणालीस, मला पूर्ण रेकॉर्डिंग दे. आत्ता मी डॉनला काही सांगायला गेले तर त्याला ती सारवासारव वाटेल, त्याच दिवशीचा माझा आवाज हवा, इरा एकेक वाक्य त्याला इंग्रजीत सांगेल. मी म्हणालो, फोन भरला होता, बाकीचं पुसलं गेलं. मग म्हणालीस, बरं. तेव्हापासून तुझा फोन नाही. दरवर्षी राखीचं पाकीट यायचं, त्यावर तुमच्या झेंड्याचं तिकीट असायचं. मी ती तिकिटं पाण्यात भिजवून, सोडवून ठेवली आहेत. गेल्या वर्षीचं नाही.

मी काहीच केलं नाही असं नाही, पण जे केलं तेही घाबरटासारखं. डिसेंबरमध्ये कार्यक्रमात दोन ओळी वाचल्या की जुलैच्या एका बातमीच्या संपादनात चूक राहिली होती, दिलगीर आहोत. कुणाची चूक, कसली चूक, काही नाही. काका आधीच म्हणाले होते, अरे, शिळी बातमी, आता कोण ऐकतंय. खरंच कुणी ऐकलं नाही. एकच फोन आला, आशालताकाकूंच्या मैत्रिणीचा, सांज्याच्या पोळीत गूळ किती घालायचा ते विचारायला. आज रविवार आहे आणि मी कार्यक्रमाला गेलेलो नाही. काकांना कळवलं की माझी चार मिनिटं गाण्याला द्या.

काल अँझॅक डे होता, युद्धात गेलेल्या इथल्या सैनिकांचा दिवस. श्रिया म्हणाली, चार वर्षं झाली, एकदा जाऊन बघू. पहाटे अंधारातच गावातल्या स्मारकापाशी गेलो. शेकडो माणसं होती, बाबागाडीतली बाळंसुद्धा, आणि कुजबूज म्हणून नाही. एक म्हातारी पॉपीची कागदी फुलं वाटत होती. मला वाटलं आपल्याला सोडून ती पुढे जाईल, कारण आपलं इथे कुणीच पुरलेलं नाही. तिने न विचारता माझ्या जॅकेटला टाचणी लावली, आणि किआ ओरा असा इथला नमस्कार करून म्हणाली, बाळा, पुढे ये, मागून दिसत नाही. बिगुल वाजला, नावं वाचली गेली, माणसं घरी गेली. मिनूताई, यात टीव्हीवर दाखवण्यासारखं काहीही नव्हतं. आणि मी तिथे उभा राहून रडलो, तर श्रियाला वाटलं थंडीने डोळ्यांत पाणी आलं.

परत येताना ती गाडी चालवत होती. तिने फोनवर गाणी लाव म्हटलं. माझी बोटं गारठलेली, भलतीकडे लागलं, आणि गाडीभर तुझा आवाज आला. गुरू, ऐकतोयस ना, आज काय झालं माहितेय. मी बंद करायला गेलो तर श्रियाने माझा हात धरला, गाडी कडेला घेतली, आणि आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. पूर्ण एकतीस मिनिटं. होय, ते पुसलं गेलेलं नव्हतं. कधीच नव्हतं. तू मागितलंस तेव्हाही ते माझ्या फोनमध्ये होतं, पण दिलं असतं तर तुला तो ‘क्षणभर’ ऐकू आला असता आणि तो कुणी काढला हे कळलं असतं. ऐकून संपल्यावर श्रिया म्हणाली, तो म्हातारा जिवंत आहे ना रे? गुरुवारी आई फोनवर सांगत होती की डॉनला हॉस्पिटलमधून घरी आणलंय, डॉक्टर आता आठवडे मोजताहेत, आणि मिनू त्याच्या दारापर्यंत जाऊन परत येते. हे ऐकूनही मी दोन दिवस गप्प होतो.

तू मला सगळीकडे ब्लॉक केलंयस, म्हणून पाकिटातला पेनड्राइव्ह. आईमार्फत मी हे कळवू शकलो असतो, पण मग तिला निम्मंच सांगितलं असतं, माझी मला खात्री आहे. कुरिअरवाले पाच दिवस म्हणतात. बाविसाव्या मिनिटाला दार वाजतं, डॉन तुझं भांडं परत द्यायला येतो, तू फोन त्याच्यापुढे धरतेस आणि तो मला विचारतो, तुमच्याकडे घरावर झेंडा लावतात का. तू हसतेस. ते त्याला नक्की ऐकव. मग ज्याने कापलं त्याचं नाव सांग, स्वतःवर काही घेऊ नकोस. आणि शेवटचं मिनिट त्याला ऐकवलं नाहीस तरी चालेल, ते माझ्यासाठी आहे. त्यात तू म्हणतेस, हे दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं, लोक हवं तेवढं उचलतात, पण तुझ्या हातून एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. काल गाडीत ते ऐकताना श्रिया खिडकीबाहेर बघत होती. आधी त्याच्याकडे जा, मिनूताई, पत्राची घडी नंतर कर. माझ्याशी बोलायचं की नाही ते त्यानंतर कधीही ठरव, मी थांबेन.

म्हणायचा हक्क राहिला असेल तर,
तुझाच,
गुरू