पाण्यात म्हटलेली घोषणा

बाबा, आज मला दम सोडता आला. जेट्टीपासून समोरच्या तरंगत्या पिंपापर्यंत गेलो आणि परत आलो, मध्ये कुठे थांबलो नाही. इथे आखातात शुक्रवारी सुट्टी असते. आमच्या मालवाहू बार्जवरची बाकीची माणसं झोपतात, मी पाण्यात उतरतो. मराठी बोलणारं कुणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगतोय. सहावीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, चालवून घ्या.

रविवारी भरती बघून आपण लालबागहून दादरच्या चौपाटीला चालत जायचो. वाटेत तुम्ही तीनदा थांबायचात, दुकानाची पाटी वाचत असल्यासारखे. मिलच्या सूतखात्यातला कापूस छातीत बसलेला. पण मूळचा खाडीत पोहलेला माणूस. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलात की वेगळेच दिसायचात. मी तोंड गच्च मिटून, गाल फुगवून हातपाय मारायचो आणि चार हातांवर बुडायचो. "झिला, दम घेवक कोणाक शिकवूचा लागणा नाय," तुम्ही म्हणालात, "सोडूक शिक." मला काही कळेना. मग तुम्ही ती युक्ती काढलीत. तेव्हा मोर्च्यातली घोषणा चाळीतल्या शेंबड्या पोराच्याही तोंडात होती. "पाण्यात तोंड घाल नि म्हण, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र'. अख्खी म्हण, बुडबुडे येवंदेत. मगे मान वळव. 'झालाच पाहिजे' मी म्हणतंय, तवसर तू दम घे."

मी मान वळवली आणि 'झालाच पाहिजे' मीच ओरडलो. दम घ्यायचा राहिला, नाकातोंडात खारं पाणी. मोर्च्याची सवय, तोंड आपोआप उघडायचं. दुसऱ्यांदा तेच, दहाव्यांदा तेच. तुम्ही हसत होता. "अरे, ता माझ्यावर सोड रे."

वाळूवरची पोरं बघत होती. एक म्हणाला, "काय रे, मोर्चा काय माशांचा काढलाय?" मला ते झोंबलं, आणि त्याच्यावरचा राग मी तुमच्यावर काढला. "दोन जिने चढताना तुम्हाला बसावं लागतं, आणि मला दम शिकवताय?" पोरं हसली. तुम्ही बाहेर येऊन पंच्याने माझं डोकं पुसलंत, नेहमीपेक्षा सावकाश. परत येताना त्या दिवशी तुम्ही कुठेच थांबला नाहीत. एकाही पाटीपाशी नाही. चाळीच्या जिन्यावर मात्र बसलात, आणि मी तुमच्या बाजूने वर निघून गेलो.

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. मग महाराष्ट्र झाला, चाळीत पेढे वाटले, आईने एक तुमच्या फोटोपुढे ठेवला. माझं मन कुठल्याच कामात टिकलं नाही. फिरत फिरत इथवर आलो.

आज पाण्यात तोंड घालून अख्खी घोषणा म्हटली. बुडबुडे कानाजवळून वर गेले. मान वळवली, थांबलो, दम आपोआप आत आला. किती सोपं होतं. फक्त वर कुणी काही म्हणत नव्हतं. पिंपावर एक पक्षी बसला होता, तोही उडून गेला.

हा कागद आईच्या पत्रात घालणार होतो. पण तिची पत्रं शेजारचे काका मोठ्याने वाचतात, अर्धी चाळ ऐकते. म्हणून नाही घालत. एक गोष्ट तर तिलाही खोटीच सांगितली आहे. तुम्हाला तसं बोललो त्याच्या पुढच्या रविवारी मी मित्राकडे गेलो नव्हतो. तुमच्या मागोमाग चौपाटीच्या कठड्यापर्यंत आलो होतो. तुमचा पंचा वाळूवर होता, उडू नये म्हणून वर चपला ठेवलेल्या. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात एकटेच उभे होता, रस्त्याकडे तोंड करून. मी कठड्याआड खाली बसलो, आणि तुम्ही बाहेर यायच्या आत घरी पळालो.